बैलबाबाचा कडबा

आमच्या बीड जिल्ह्यात भांडणाऱ्या माणसांची कमी नाही. पण समोरच्याची बाजू समोरच्यापेक्षा चांगली मांडून, स्वतःच हरून, वर खूश होऊन घरी येणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला आणि तो पाद्री होता. असा माणूस परत होणार नाही. झाला तरी आमच्या गावात टिकणार नाही.

मी चौथी शिकलेला आहे, तेव्हा लिहिताना इकडंतिकडं झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. नेकनूरच्या अलीकडं आमचं शिवार आहे. शिवाराला लागून मिशनचं एक जुनं दगडी घर आहे, अंगणात लिंब, बाजूला खोलीएवढं प्रार्थनाघर. तिथं फादर येतात आणि बदलून जातात, आम्हाला त्याचं काही नसायचं. हे आले तेव्हा वाटलं हेही तसेच. मग कळलं की हा माणूस रोमला शिकून आलाय, पुण्याला फादर होणाऱ्या पोरांना कितीतरी वर्षं देवाची विद्या शिकवलीय, आणि आता एक मोठं पुस्तक पुरं करायला शांत जागा पाहिजे म्हणून स्वतः अर्ज करून इकडं आलाय. बीडकडं कुणी अर्ज करून येतं हेच मला खरं वाटंना. मी तोंडावर विचारलं, "फादर, खरं सांगा, कुणाशी भांडून आलाव का?" तर म्हणाले, "हो. एका माणसाशी तीस वर्षं भांडतोय. त्याला मरून सातशेच्या वर वर्षं झाली."

ते मूळचे वसईकडचे. मराठी आमच्यासारखीच, पण धुतलेली. आमच्या कारभारणीनं पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी भाकरी आणि ठेचा नेला तेव्हा विचारलं, "फादर म्हंजी काय ओ?" ते म्हणाले, "फादर म्हणजे बाप." ती म्हणाली, "बया, माझ्यापेक्षा आठ-धा वर्षांनी ल्हान माणसाला बाप कशी म्हणू? मी आपली भाऊ म्हणते." पण गाव फादर म्हणायचं, तेही तिच्या तोंडात बसलेलं, त्यामुळं दोन्ही मिळून 'फादरभाऊ' झालं. ते तिला ताई म्हणायला लागले आणि मला दाजी. पांढऱ्या झग्यातला रोम बघितलेला माणूस भर बाजारात "दाजी, थांबा" म्हणून हाक मारायचा आणि मेथी विकणाऱ्या बाया वळून बघायच्या, की ह्याची बहीण मला कवा दिली. भाऊबीजेला तर ते ठरलेले. अंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून पाटावर बसायचे, आणि ओवाळल्यावर ताटात दरवर्षी एक चांगलं पेन टाकायचे. हिला अक्षर येत नव्हतं. मी एकदा म्हणालो, "फादर, हिला लुगडं द्या, पेनाचं काय करंल?" तर हीच माझ्यावर डाफरली. "माझ्या भावानं काय द्यायचं ते तुमी कावून सांगताव?" आणि पेन नेऊन ट्रंकेत ठेवलं.

त्यांच्या खाण्याची एक रीत होती. भूक लागलेली असली तरी सरळ "वाढा" म्हणायचे नाहीत. ताटाकडं बघून सुरू व्हायचे, "मला भूक नाही असं वाटतं. पहिलं कारण, मी सकाळी पोहे खाल्लेत. दुसरं कारण, ऊन फार आहे आणि उन्हात अन्न जात नाही. तिसरं कारण, दाजींच्या वाटणीची भाकरी कमी होईल. पण याच्या उलट, ताईनं भाकरी थापली आहे. म्हणून मी म्हणतो की, वाढा." एवढं होईपर्यंत भाकरी गार. मग पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाला वेगवेगळं उत्तर देत ते चार भाकरी खायचे. अंगानं चिपाड. कुठं जात होत्या त्या भाकरी, देव जाणे.

मी विचारलं, ही काय पद्धत. तेव्हा त्यांनी त्या सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं सांगितलं. तो त्यांच्यातला मोठा संत. नाव माझ्या जिभेला कधी बसलं नाही. तो अंगानं हत्तीसारखा होता, म्हणे, आणि शिकताना कुणाशी बोलायचा नाही, म्हणून बरोबरची पोरं त्याला मुका बैल म्हणायची. त्या दिवसापासून आम्ही त्याला बैलबाबा म्हणायला लागलो. मला वाटलं फादरला राग येईल. त्यांना इतका आनंद झाला की ते गोठ्यात जाऊन आमच्या कवड्या बैलाच्या कपाळावर हात ठेवून आले. पुढं कधी लिहिताना अडलं की कागद घेऊन गोठ्यात यायचे आणि कवड्याला त्या परक्या भाषेत वाचून दाखवायचे. कवड्या रवंथ करायचा. फादर म्हणायचे, "पुण्याच्या वर्गापेक्षा बरं आहे, दाजी. हा मध्येच मान हलवत नाही."

ह्या बैलबाबाची रीत अशी, की काहीही सांगायचं असलं तर आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, आणि तेही त्या विरोधकाला स्वतःला जमलं नसतं इतकं चांगलं. मग "पण याच्या उलट" म्हणायचं, आणि मग आपलं. देवानं अक्कल दिली ती झाकून ठेवून देव सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. फादर सांगायचे, "मी तरुण असताना मला वाटायचं देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत. ह्यानं मला शिकवलं की प्रश्न हीच प्रार्थना. माझ्या डोक्यात जे काही आहे ते त्यानं नांगरलेलं आहे."

नांगरलेलं असेल, पण त्या नांगराचा फाळ माझ्या बांधाला लागला. माझ्या चुलतभावानं एका वर्षी बांध दोन हात माझ्याकडं सरकवला. मारुतीच्या पारावर पंच बसले. मी म्हणालो, आपल्याकडं रोमला शिकलेला मेव्हणा आहे, भिऊ कशाला. फादरला घेऊन गेलतो. ते उभे राहिले आणि बोलायला लागले, "बांध चुलतभावाचाच आहे असं वाटतं." मी त्यांचा झगा ओढला. "पहिलं कारण, पाण्याचा उतार त्यांच्या बाजूला आहे, तेव्हा माती मूळ त्यांचीच वाहून आलेली असणार. दुसरं कारण, बांधावरची बाभळ त्यांच्या वडिलांनी लावली." चुलतभाऊ तोंड उघडं टाकून ऐकत होता. ह्यातलं त्याला स्वतःला काही सुचलं नव्हतं. तिसरं कारण होईपर्यंत पंचांचा चहा पिऊन झाला होता. "बास बास, तुमच्याच माणसानं कबूल केलं," म्हणून ते उठले. मी तरातरा घराकडं निघालो. निम्म्या वाटेत हे म्हणतात, "दाजी, माझं 'पण याच्या उलट' राहिलंच." मग चालता चालता त्यांनी मला माझी बाजू सांगितली. इतकी बिनतोड बाजू मी आयुष्यात ऐकली नाही. ऐकायला मी एकटा. घरी आल्यावर कारभारणीनं माझा चेहरा बघितला आणि काय झालं ते विचारलं. सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून एवढी हसली की चूल विझली.

पण खरं ते लिहिलं पाहिजे. चार-आठ दिवसांनी चुलतभाऊ आपणहून आला. "तुझ्या पाद्र्यानं माझं एवढं चांगलं सांगितलं बे. मंग तुझं काय सांगणार व्हता त्यो?" मी त्याला फादरकडं पाठवलं. तो तिथं दुपारभर बसला आणि दुसऱ्या दिवशी बांध एक हात मागं घेतला. दुसरा हात अजून त्याच्याकडंच आहे.

हिच्या भाचीच्या लग्नात तर कहर. पंगत बसलेली, सरपंच मांडीला मांडी लावून फादरच्या शेजारी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. फादरचं ध्यान कुठंतरी लागलेलं. एकदम "सापडलं" म्हणून त्यांनी थाप मारली ती नेमकी आमटीच्या द्रोणावर. सरपंच कमरेपर्यंत पिवळे झाले. वाढपी जागच्या जागी. मी धोतराच्या सोग्यानं सरपंचाला पुसतोय आणि हे शांतपणे सांगतायत, "क्षमा करा. माझ्या गुरूकडूनही असंच झालं होतं. तो राजाच्या पंगतीला बसला होता." सरपंच जरा खुलले. राजाचं नाव निघाल्यावर पुढारी माणूस काय बोलणार. पुढच्या पंचायतीत मिशनच्या रस्त्याला मुरूम मंजूर झाला.

असा हा माणूस. सगळं हसण्यावारी जायचं, फक्त एक गोष्ट त्यांना आतून पोखरत होती, ती त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. म्हणाले, "पुस्तक पुरं होत आलंय, ताई. शेवटचा भाग राहिलाय आणि तो मला लिहिता येत नाही." का, तर त्या बैलबाबानं जन्मभर लिहिलं, माणूस उचलू शकणार नाही एवढं लिहिलं, आणि एका सकाळी प्रार्थनेला उभा असताना त्याला काहीतरी दिसलं. काय दिसलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी लेखणी खाली ठेवली ती परत उचलली नाही. सोबतच्या माणसानं फार गळ घातली तेव्हा एवढंच म्हणाला, की मला जे दिसलं त्याच्यापुढं मी लिहिलेलं सगळं पेंढा आहे. तीन महिन्यांत मेला. हे सांगताना फादरचा आवाज बारीक झाला होता.

आम्हा दोघांना काही त्यात वाईट दिसंना. ही म्हणाली, "सगळं मिळून येवढा थोरला पेंढा? लई नशिबाचा म्हणायचा." मीही मान हलवली. फादर तसेच उठून गेले. ही मला म्हणाली, "फादरभाऊला काय लागलं वो बोलल्यालं?" मला तरी काय माहीत. ते कोडं तसंच राहिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली. आजार आठ दिवसांचा. बीडला नेली, परत आणली. त्याच्या आधी दोन-तीन महिनेच तिनं ज्वारीची पेंढी न् पेंढी स्वतः बांधली होती आणि परसात कडब्याची गंजी रचली होती. गड्यांनी रचलेली गंजी तिला पसंत पडायची नाही. बुडखे बाहेर, शेंडे आत, वरनं उतार असा की पाण्याचा थेंब आत जाऊ नये. ती गेल्यावर मी त्या गंजीला हात लावला नाही. कवड्याला नेकनूरच्या बाजारातून कडबा आणून घालायचो. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. माणसं भेटायला यायची आणि सांगायची, धीर धरा, जन्माला आलं त्याला जायचंय. मला त्यांना हाकलून द्यावं वाटायचं. फादर रोज यायचे. भाकरीला तीन कारणं सांगणारा माणूस, पण ह्या बाबतीत त्यांनी एक कारण सांगितलं नाही. ओट्यावर बसायचे, दिवे लागले की उठून जायचे. बैलबाबाला मुका कावून म्हणत असतील ते मला तेव्हा कळलं.

वर्ष होत आलं. फाल्गुनातली सकाळ होती, मी अंघोळीच्या पाण्याला चूल पेटवत होतो. फादर सायकलवर दोन पोती बांधून आले.

"दाजी, हे घ्या. पाणी तापवायला होईल."

"काय हाय?"

"कागद."

"कोरे का लिव्हल्याले?"

"लिहिलेले."

मी पोत्यात हात घातला. सगळं पुस्तक होतं, तीस वर्षांचं. पुण्याहून पत्र आलं होतं की आता डोळे अधू झालेत, वय झालंय, म्हाताऱ्या फादरांच्या घरी येऊन राहा. मी आडदांड माणूस. म्हणालो, ज्याचा माल त्याची मर्जी. वरचा एक कागद चुलीत सारला. चांगला जळाला. मग सहज वर बघितलं तर फादरचा चेहरा. तसा चेहरा मी आरशात बघितला होता, हिला दारातनं उचलून नेलं त्या दिवशी. दुसरा कागद मी हातातच ठेवला.

"जाळायचं कावून पण?"

"माझ्या गुरूनंच सांगितलंय. त्याचं पेंढा, तर माझं काय असणार?"

"आवो, पेंढा हाय म्हणूनच तर ठिवायचा."

"ठेवायचा?" ते म्हणाले. "दाजी, आमच्याकडं भाताच्या पेंढ्यात केळी पिकत घालतात. भांडी बांधतात. उरला तर पेटवून देतात."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं भात नाही. पेंढी म्हणजे ज्वारीच्या ताटांची मोळी. आम्ही नवराबायको समजलो होतो की पेंढा म्हणजे थोरली पेंढी, आणि बैलबाबा सांगतोय की माझं सगळं लिहिणं मिळून एक भली मोठी पेंढी झाली. मी विचारलं, "पीक काढल्यावर मागं ऱ्हातंय, त्ये ताट म्हणताव का तुमी?"

"तेच. वाळलेलं."

"मंग कडबा म्हणा की. कडबा म्हणला त्यो."

मी त्यांचा हात धरला आणि परसात नेऊन गंजीसमोर उभं केलं. बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी बोललो. "ह्ये बगा. कणसं मोडून नेली की ह्ये मागं ऱ्हातंय. कणीस डोळ्यापुढं असताना ह्याच्याकडं कुणी बगत न्हाई, ते बरोबर हाय. तुमच्या बैलबाबाला त्या सकाळी कणीस दिसलं आसंल. पण कणीस काय हवेत लागतंय का? ह्याच्याच डोक्यावर लागतंय. आन वरीसभर बैल कशावर जगतो? कडबा कुणी जाळत न्हाई, फादर. आमच्यात पाप मानत्यात."

फादरनी गंजीजवळ जाऊन एका ताटावरून बोट फिरवलं. "कडबा," ते म्हणाले. परत एकदा म्हणाले, जसा काही तो शब्द चावून बघत होते. मला वाटलं, झालं, जिंकलो. तर हळूच म्हणतात, "पहिला आक्षेप."

"आता काय?"

"कडबा जनावरानं खाण्यासाठी असतो, असं दाजी म्हणतात. पण याच्या उलट, ही गंजी गेल्या वर्षीची आहे आणि एक पेंढीही निघालेली नाही."

"ती तिनं रचल्याली हाय."

"माहीत आहे," फादर म्हणाले. "ताईनं कुणासाठी रचली?"

मी गोठ्याकडं बघितलं. गोठ्यातून कवड्या आमच्याकडं बघत होता. मी गंजीच्या कडेची एक पेंढी ओढली. तिनं पिळून मारलेली गाठ तशीच होती, तिची गाठ डावीकडून असायची. ती सोडायला मला वेळ लागला. फादर मदतीला आले नाहीत, ते बरं केलं. ताटं कवड्यापुढं टाकली. तो खायला लागला, आणि तिच्या हातच्या कडब्याचा करकर आवाज वर्षानं आमच्या परसात झाला.

फादरनी पोती परत सायकलवर बांधली. मी घरात जाऊन तिची ट्रंक उघडली आणि आतली सगळी पेनं त्यांच्या हातात दिली. म्हणालो, वाळली असतील, चालतील तेवढी चालवा. जळालेल्या कागदाचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "त्यावर पाणी तापलं ना? मग कामी आला."

ईस्टरनंतर ते गेले. नेकनूरच्या स्टँडवर मी सोडायला गेलतो. एस. टी. त चढताना त्यांनी आपण जाऊ नये याची तीन कारणं सांगितली, कंडक्टर खोळंबला, आणि "पण याच्या उलट" म्हणायच्या आतच त्यानं घंटी मारली.

गेल्या वर्षी पोस्टानं पुस्तक आलं, विटेएवढं. सगळं इंग्रजी, मला त्यातलं काय कळणार. मिशनमधल्या सिस्टरनी शेवटचा भाग काढून दाखवला. त्या बारीक परक्या अक्षरांच्या मधोमध एकच शब्द आपल्या अक्षरात छापलाय. मी बोट ठेवून वाचला. क, ड, बा. सिस्टर म्हणाल्या, खाली लिहिलंय की हा अर्थ मला माझ्या ताईनं पहिल्यांदा सांगितला होता, मलाच तो तेव्हा कळला नाही. मी म्हणालो, आणि माझं? सिस्टर म्हणाल्या, तुमचं पण आहे, दाजी म्हणून आहे. मंग ठीक आहे.

फादरला आता दिसत नाही असं कळतं. पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतात. गंजी आम्ही, म्हणजे मी आणि कवड्यानं, दोन उन्हाळ्यांत संपवली. एक पेंढी तेवढी मी काढून आढ्याला टांगून ठेवलीय, तिच्या गाठीसकट. फादर आले तर नुसत्या वासानं ओळखतील आणि सुरू होतील, मला माहीत आहे. पहिलं कारण, कडबा खाण्यासाठी असतो. दुसरं कारण, त्याला उंदीर लागतील. तिसरं कारण, हे दाजींनी स्वतःच सांगितलं होतं. तिन्ही बरोबर आहेत. पण याच्या उलट, ती तिनं बांधलेली आहे. म्हणून मी म्हणतो की, राहू द्या.